तापलेले खारे पाणी आणि नळीतला पांढरा थर : अ‍ॅसिडच्या आधी खनिज ओळखावे

धागाकर्ता : खारेपाणी

समुद्राचे पाणी तापवून त्यातून गोडे पाणी काढणाऱ्या आखातातील प्रकल्पांत मी 19 वर्षे काम केले. निवृत्त होऊन गावी परतल्यावरही अधूनमधून फोन येतो आणि पलीकडून कोणी ओळखीचा अभियंता विचारतो, "नळ्यांत स्केल झाले आहे, कोणते अ‍ॅसिड फिरवू?" हा प्रश्न विचारण्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा : तो थर कोणत्या खनिजाचा आहे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत अ‍ॅसिडच्या कॅनला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते कसे बनले हे सविस्तर लिहिण्यासाठी हा धागा काढत आहे.

एका प्रकल्पात खाऱ्या पाण्याला शेवटची उष्णता देणारा जो हीटर असतो, त्याच्यातून उष्णता उतरेनाशी झाली. पाणी 110 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यासाठी वाफेचा दाब रोज थोडा थोडा वाढवावा लागत होता. थर पांढरा होता, म्हणून तो कॅल्शियम कार्बोनेटचा असणार असे गृहीत धरून आम्ही रात्रभर सौम्य अ‍ॅसिड फिरवले. सकाळी टाकीतील अ‍ॅसिडची तीव्रता जवळजवळ जेवढीच्या तेवढी होती, म्हणजे ते कशावर खर्चच झाले नव्हते. नळीचा तुकडा कापून तपासला तेव्हा आत अनहायड्राइट, म्हणजे पाण्याचा रेणू नसलेले कॅल्शियम सल्फेट, बसल्याचे कळले. त्यानंतर उच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने एकेक नळी साफ करण्यात आमचे 11 दिवस गेले. पहिल्या दिवशी चिमूटभर नमुना परीक्षानळीत घेतला असता तर ती रात्र आणि ते अ‍ॅसिड दोन्ही वाचले असते.

आता मूळ मुद्दा. गरम पाण्यात पदार्थ अधिक विरघळतो, अशी आपली चहा-साखरेवरून बनलेली समजूत असते. साखरेपुरती ती खरी आहे. साध्या मिठाला मात्र तापमानाचे फारसे सोयरसुतक नाही : 100 ग्रॅम पाण्यात 25 अंशांना सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते आणि 100 अंशांना 39 ग्रॅम. कॅल्शियम सल्फेट तर उलट दिशेने जाते. 25 अंशांना एक लिटर शुद्ध पाण्यात ते साधारण 2.1 ग्रॅम विरघळते, 40 अंशांच्या आसपास जिप्समची, म्हणजे पाण्याचे रेणू धरून असलेल्या कॅल्शियम सल्फेटची, विद्राव्यता सर्वाधिक होते आणि त्यापुढे घसरते. 100 अंशांना अनहायड्राइटची विद्राव्यता लिटरला सुमारे 0.6 ग्रॅमवर येते, आणि 200 अंशांना तिचाही जेमतेम दशांश उरतो. याचा नळीच्या दृष्टीने अर्थ असा की, पाण्याच्या प्रवाहात जी जागा सर्वांत गरम असते, म्हणजे वाफेला पाठ लावून असलेली धातूची भिंत, तेथेच हे खनिज सर्वांत कमी विरघळते आणि तेथेच बसते. आपण जेथे उष्णता द्यायला जातो नेमकी तीच जागा ते अडवते. पोलाद किंवा तांबे-निकेल यांच्या तुलनेत या थराची उष्णतावाहकता कित्येक पटींनी कमी असते, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरचा थरही पुरेसा होतो. थर बसला की तापमान राखण्यासाठी वाफेचा दाब वाढवला जातो आणि मग शेजारच्या ज्या नळ्या अजून स्वच्छ असतात त्यांच्या भिंती पूर्वीपेक्षा अधिक तापतात, व त्यांतही थर धरू लागतो. आमच्याकडे तो एका कोपऱ्यातून सुरू होऊन असाच पसरत गेला होता.

यात मीठ काय करते, हा खरा रंजक भाग आहे. मीठ मिसळले की कॅल्शियम आणि सल्फेट यांच्या आयनांभोवती सोडियम व क्लोराइडची गर्दी होते, ते एकमेकांना सहजी सापडत नाहीत, आणि त्यामुळे कॅल्शियम सल्फेट अधिक विरघळते. लिटरला सुमारे 150 ग्रॅम मीठ असलेल्या द्रावणात जिप्समची विद्राव्यता शुद्ध पाण्याच्या तिपटीहून अधिक होते. मीठ त्यापुढे वाढवले तर ती पुन्हा उतरते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत मार्शल, स्लशर आणि जोन्स यांनी 40 ते 200 अंश तापमानाला, मिठाचे प्रमाण शून्यापासून 4 मोलालपर्यंत (म्हणजे एक किलो पाण्यात 4 मोल) बदलत, कॅल्शियम सल्फेटची विद्राव्यता मोजली आणि 1964 मध्ये ती मापने प्रसिद्ध केली. समुद्राचे पाणी किती तापवावे आणि किती आटवावे याच्या आमच्या मर्यादा अशाच मापनांवरून आखलेल्या असत. ती कामे चिकाटीची आहेत, कारण अनहायड्राइट इतक्या सावकाश समतोलाला येते की घाईने घेतलेले मापन हमखास चुकते. शुद्ध पाण्यात जिप्समऐवजी अनहायड्राइट स्थिर होण्याचे तापमान कोणी 42 अंश दिले आहे, तर कोणी 58, ते यामुळेच.

कार्बोनेटची गोष्ट वेगळी आहे. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरलेले कार्बोनेट कॅल्शियमला धरते आणि थर बसतो. तापमान आणखी वाढले की कार्बोनेटचेही विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होते आणि मग मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बसू लागते. हे दोन्ही थर अ‍ॅसिडला दाद देतात. पाण्यात आधीच मोजके अ‍ॅसिड घालून बायकार्बोनेट काढून टाकले, तर ते बसतही नाहीत. सल्फेट मात्र पाण्याचा सामू (पीएच) कितीही खाली आणला तरी जवळजवळ जागचे हलत नाही. त्याला रोखणारी खरी गोष्ट एकच, तापमान आणि संहती (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) यांची मर्यादा पाळणे. साखळी फॉस्फेटसारखे पदार्थ लिटरला काही मिलिग्रॅम घातले तर स्फटिक वाढण्यास उशीर होतो, पण 90 अंशांच्या पुढे ते फॉस्फेट स्वतःच तुटते. उच्च तापमानासाठी वेगळी बहुवारिके (पॉलिमर) वापरावी लागतात, आणि तीही केवळ वेळ मिळवून देतात.

प्रतिसाद 1 : खाडीकाठ

लेख फार आवडला. आमच्या घराण्यात तीन पिढ्या मिठागराचे काम होते, म्हणून एक शंका विचारतो. आमच्याकडे भरतीचे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात असे पुढे नेले जाते आणि प्रत्येक ठिकाणी पाण्याचा दाटपणा दाखवणाऱ्या बोमे मापकाने डिग्री पाहिली जाते. समुद्राचे पाणी सुमारे 3 डिग्रीचे असते. 13 डिग्रीच्या पुढे तळाशी चकचकीत कणांचा कडक थर धरू लागतो, तो जिप्समचा. 25 च्या जवळपास मीठ पडू लागते, आणि 29 च्या वर गेलेले कडू पाणी सोडून द्यावे लागते, नाही तर मॅग्नेशियम मिठात उतरून मीठ ओलसर राहते. आता तुम्ही म्हणता की मिठामुळे जिप्सम अधिक विरघळते. मग आमच्याकडे पाणी अधिकाधिक खारट होत असतानाच ते तळाशी का बसते? शिवाय तेथे उष्णता म्हणजे फक्त ऊन.

प्रतिसाद 2 : खारेपाणी

खाडीकाठ, शंका अगदी नेमकी आहे. जिप्सम बसते ते कॅल्शियम आणि सल्फेट या दोघांच्या संहतीच्या गुणाकाराने. पाणी आटून चौपट दाट झाले की कॅल्शियमही चौपट होते आणि सल्फेटही, म्हणजे गुणाकार 16 पट होतो. मिठाची गर्दी जी मदत करते ती या वाढीपुढे अपुरी पडते. एक लिटर समुद्रजलात कॅल्शियम सुमारे 0.4 ग्रॅम आणि सल्फेट सुमारे 2.7 ग्रॅम असते. जिप्समच्या दृष्टीने ते पाणी संपृक्ततेच्या साधारण पंचमांशावर असते, म्हणून साडेतीन ते चारपट आटल्यावर, म्हणजे तुमच्या 13 डिग्रीच्या आसपास, मर्यादा ओलांडली जाते. मिठाची मदत नसती तर ती पुष्कळच आधी ओलांडली गेली असती.

तुमच्या कप्प्यांची रचना मला कारखान्यांपेक्षा शहाणपणाची वाटते. जिप्समला बसायला तुम्ही स्वतंत्र जागा देता, म्हणून ते मिठात येत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये विकसित झालेल्या आल्बर्गर पद्धतीत हेच तत्त्व उष्णतेच्या साहाय्याने वापरले आहे. तेथे खारे पाणी दाबाखाली 143 अंशांपर्यंत तापवतात आणि गोट्यांनी भरलेल्या एका भांड्यातून नेतात. एवढ्या तापमानाला कॅल्शियम सल्फेट विरघळलेले राहू शकत नाही, ते त्या गोट्यांवर बसते, आणि पुढे मीठ स्वच्छ मिळते. गोटे साफ करणे नळ्या साफ करण्यापेक्षा किती सोपे, हे मला नव्याने सांगायला नको.

प्रतिसाद 3 : रसशाळा

मी साखर कारखान्यात उत्पादन विभागात आहे. आपले विवेचन पटले, तरी तापमानाला आपण थोडे अधिक महत्त्व दिले आहे असे मला नम्रपणे सुचवायचे आहे. आमच्या बाष्पीभवन संचात रस एकामागून एक जोडलेल्या भांड्यांतून, म्हणजे बॉड्यांतून, आटत जातो; त्यांत पहिली बॉडी सर्वांत गरम असते आणि शेवटची, निर्वातामुळे, साधारण 55 अंशांवर उकळते. आपल्या नियमाप्रमाणे कॅल्शियम सल्फेट पहिल्या बॉडीत बसायला हवे. प्रत्यक्षात पहिल्या बॉडीत आम्हाला मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि सेंद्रिय पदार्थांचा मऊसर थर मिळतो. सल्फेट, ऑक्झलेट आणि सिलिका शेवटच्या बॉड्यांत मिळतात, म्हणजे जेथे तापमान सर्वांत कमी असते तेथे.

प्रतिसाद 4 : खारेपाणी

रसशाळा, आपला आक्षेप योग्य आहे आणि मी तो मान्य करतो. आपल्याकडे रस 15 ब्रिक्सपासून 60 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी) दाट होतो. पहिल्या बॉडीतून शेवटच्या बॉडीपर्यंत जाताना पाणी इतके कमी होते की तापमान उतरल्याने मिळणारी थोडी सवलत त्यात वाहून जाते. समुद्रजलाच्या प्रकल्पात उलट परिस्थिती असते. आम्ही पाणी फार आटवत नाही, पण पुष्कळ तापवतो. म्हणून माझ्या अनुभवात तापमान पुढे आले आणि आपल्या अनुभवात संहती. विद्राव्यतेचा आलेख दोघांचा एकच आहे, आपण त्यावर वेगवेगळ्या वाटांनी चालतो एवढेच. मूळ लेखात ‘सर्वांत गरम जागी बसते’ असे लिहिले आहे, त्याला ‘द्रावणाची संहती सारखी असेल तर’ अशी जोड द्यायला हवी होती.

सफाईसाठी आपण आधी कॉस्टिक सोडा उकळून मग अ‍ॅसिड का वापरता, हे इतर वाचकांसाठी लिहावे, अशी विनंती.

प्रतिसाद 5 : रसशाळा

आभारी आहे. कॉस्टिकने सिलिका काही प्रमाणात विरघळते आणि सेंद्रिय भाग सुटून थर सैल होतो. त्याबरोबर धुण्याचा सोडा दिला तर कॅल्शियम सल्फेटचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते, कारण कार्बोनेट सल्फेटपेक्षा फार कमी विरघळते. मग ते कार्बोनेट अ‍ॅसिडमध्ये सहज जाते. एकाच टप्प्यात थेट अ‍ॅसिड दिले तर थराचा वरचा भाग जातो आणि खालचा काचेसारखा भाग तसाच राहतो. दोन्ही रसायनांच्या मध्ये पाण्याने पूर्ण धुलाई आवश्यक असते, आणि अ‍ॅसिडमध्ये धातूचे रक्षण करणारे निरोधक असलेच पाहिजे.

प्रतिसाद 6 : बोअरवेल

आम्ही मराठवाड्यात राहतो. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा कडक थर बसतो. तोही यातलाच का?

प्रतिसाद 7 : खारेपाणी

होय, पण तो बहुधा कार्बोनेटचा असतो. काळ्या पाषाणातील बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. खपलीवर लिंबाचा रस टाकून बुडबुडे येतात का पाहा. आले तर गिझर वीज बंद करून, लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने साफ होईल. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या खाली ठेवला तर थर बसण्याचा वेगही कमी होतो.

प्रतिसाद 8 : भूस्तर

मी भूविज्ञान शिकवतो. या धाग्यात ज्याला उपद्रव म्हटले आहे, त्याच प्रक्रियेतून पृथ्वीवरील कित्येक धातूंच्या खाणी तयार झाल्या आहेत, म्हणून दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात.

पहिले समुद्रतळाचे. 1979 मध्ये पूर्व प्रशांत महासागरातील कटकावर, म्हणजे समुद्रतळावरील डोंगररांगेवर, 21 अंश उत्तर अक्षांशाजवळ, सुमारे 350 ते 380 अंश तापमानाचे काळे पाणी ओकणारी धुरांडी सापडली. त्या धुरांड्यांची भिंत आरंभी मोठ्या प्रमाणावर अनहायड्राइटची असते. तळातून येणारे गरम पाणी आजूबाजूच्या समुद्रजलाला तापवते आणि ते 150 अंशांच्या पुढे गेले की त्यातील कॅल्शियम व सल्फेट बाहेर पडतात. झरा विझून धुरांडे थंड झाले की तेच अनहायड्राइट समुद्रात पुन्हा विरघळू लागते. धागाकर्त्यांच्या हीटरमधील नळी आणि हे धुरांडे यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील सॉल्टन सी या भूऔष्णिक क्षेत्राचे. तेथे खोलवर 300 अंशांहून अधिक तापमानाचे पाणी आहे आणि त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण सुमारे 25 टक्के, म्हणजे समुद्रजलाच्या सातपट. 1962 च्या सुमारास तेथील एका विहिरीचे पाणी तीन महिने नळातून सोडून पाहिले, तेव्हा नळात 5 ते 8 टन काळा थर जमला. त्याच्या पृथक्करणात तांबे सुमारे 20 टक्के आणि चांदी 6 टक्क्यांपर्यंत निघाली. चांदी, तांबे, शिसे, जस्त यांची सल्फाइडे साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. परंतु गरम आणि अतिखारट द्रावणात क्लोराइड आयन या धातूंना वेढून त्यांची संयुगे बनवतात, आणि त्या रूपात धातू मैलोगणती वाहून नेले जातात. पाणी थंड झाले, पातळ झाले किंवा त्याला सल्फाइड भेटले की हा वेढा सुटतो आणि धातू खाली बसतो. खनिज शिरा कशा बनतात याविषयी आम्ही वर्गात जे शिकवत आलो, ते त्या नळात तीन महिन्यांत डोळ्यांसमोर घडले होते.

त्या थरात अस्फटिक सिलिकाही पुष्कळ होती, आणि तिचे वागणे दोन्ही बाबतींत जिप्समच्या उलट आहे. तापमान वाढले की ती अधिक विरघळते, 25 अंशांना लिटरला सुमारे 120 मिलिग्रॅम, तर 200 अंशांना 900 च्या घरात. आणि मीठ वाढले की ती कमी विरघळते. म्हणून समुद्रजलाच्या प्रकल्पात थर गरम टोकाला बसतो आणि भूऔष्णिक प्रकल्पात थंड टोकाला. सॉल्टन सी येथे पुढे सिलिकाचे बीजकण (ज्यांवर नवी सिलिका बसते असे बारीक कण) मिसळून, तिला नळाऐवजी मोठ्या टाकीत बसवण्याची पद्धत आली, तेव्हाच तेथील वीजनिर्मिती सुरळीत झाली.

प्रतिसाद 9 : तेलविहीर

भूस्तर सरांच्या प्रतिसादाला पुरवणी म्हणून बेरियम सल्फेटचा, म्हणजे बराइटचा, उल्लेख करतो. समुद्रातील तेलक्षेत्रांत भूगर्भातील दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी खाली सोडतात. खडकातील मूळ पाण्यात बेरियम असते पण सल्फेट नसते. समुद्रजलात सल्फेट असते पण बेरियम नसल्यासारखेच. दोन्ही स्वतंत्रपणे निर्धोक आहेत, एकत्र आली की बराइट पडते. 25 अंशांच्या शुद्ध पाण्यात ते लिटरला केवळ अडीच मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते. उत्तर समुद्रातील मिलर क्षेत्रात एका विहिरीचे उत्पादन रोजच्या 30,000 पिंपांवरून 24 तासांत शून्यावर आले होते, ते अशाच थराने. या थरात रेडियमही अडकते, त्यामुळे काढलेली खपली किरणोत्सर्गी कचरा म्हणून सांभाळावी लागते. अ‍ॅसिडचा यावर काहीच उपयोग होत नाही. म्हणून अनेक ठिकाणी समुद्रजलातील सल्फेट सूक्ष्म पटलांतून आधीच गाळून टाकतात. धागाकर्त्यांचा मुद्दा येथे अधिकच लागू होतो.

प्रतिसाद 10 : एमईई_ऑपरेटर

नमस्कार सर. मी रंगरसायनांच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या एमईईवर (अनेक टप्प्यांत पाणी आटवणाऱ्या बाष्पीभवन संचावर) काम करतो. सांडपाण्यात सोडियम सल्फेट आणि मीठ दोन्ही भरपूर आहेत. आम्लधर्मी सांडपाणी आधी चुनकळीने उदासीन करतात. दर सहा-सात दिवसांनी दुसऱ्या टप्प्याच्या नळ्या तुंबतात. रसायने पुरवणाऱ्यांनी सल्फ्युरिक अ‍ॅसिड फिरवायला सांगितले, त्याने काहीही फरक पडला नाही. काय करावे?

प्रतिसाद 11 : खारेपाणी

प्रथम, ज्या थरात सल्फेट असण्याची दाट शक्यता आहे त्यावर सल्फ्युरिक अ‍ॅसिड देणे म्हणजे आणखी सल्फेट देणे. ते ताबडतोब थांबवावे.

आपल्याकडे तीन संशयित आहेत. एक सोडियम सल्फेट स्वतः. त्याची विद्राव्यता 32.4 अंशांना सर्वाधिक, म्हणजे 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 50 ग्रॅम असते आणि त्यापुढे उतरत जाऊन 100 अंशांना साडेबेचाळीसच्या आसपास येते. द्रावण संपृक्ततेच्या जवळ चालवत असाल तर गरम भिंतीवर तेही धरते. दुसरा जिप्सम किंवा अनहायड्राइट, कारण चुनकळीतून कॅल्शियम येत आहे. तिसऱ्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, तो ग्लॉबेराइट, सोडियम आणि कॅल्शियम यांचे जोड सल्फेट. सोडियम सल्फेटचे दाट गरम द्रावण असेल तेथे थोड्याशा कॅल्शियमनेही ते तयार होते.

आता पुढील तपासणी करून कळवा. थराची खपली घ्या, पुसून वाळवा आणि वजन करा. तिचा छोटा तुकडा कोरड्या परीक्षानळीत तापवा. जिप्सम असेल तर नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब दिसतील, अनहायड्राइट किंवा ग्लॉबेराइट असेल तर दिसणार नाहीत. दुसऱ्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकून बुडबुडे पाहा. उरलेली खपली कुटून भरपूर साध्या पाण्यात दोन दिवस ढवळत ठेवा, गाळा, आणि उरलेला साका उन्हात वाळवून पुन्हा वजन करा. शेगडीवर वाळवू नका, नाही तर जिप्समचे पाणी उडून वजन फसवे येईल. अ‍ॅसिड टाकताना सडक्या अंड्यासारखा वास आला तर तेथेच थांबून मोकळ्या हवेत जा; सल्फाइड असलेल्या थरातून निघणारा वायू जीवघेणा असतो.

प्रतिसाद 12 : एमईई_ऑपरेटर

सर, तपासणी केली. बुडबुडे आले नाहीत, वासही आला नाही. मूळ खपली तापवल्यावर पाण्याचे थेंब दिसले नाहीत. 50 ग्रॅम खपली पाण्यात ठेवली तेव्हा ती विरघळून गेली नाही, पण तिचा कडकपणा गेला आणि पांढरा मऊ चिखल झाला. उन्हात वाळवल्यावर 31 ग्रॅम भरला. हा वाळलेला साका तापवला तेव्हा मात्र नळीत भरपूर थेंब आले.

प्रतिसाद 13 : खारेपाणी

फार काळजीपूर्वक काम केले आहे, मनापासून अभिनंदन. शुद्ध ग्लॉबेराइट पाण्यात फुटते तेव्हा सोडियम सल्फेट विरघळून जाते आणि मागे जिप्सम उरते. 278 ग्रॅम ग्लॉबेराइटमधून 172 ग्रॅम जिप्सम, म्हणजे 62 टक्के. आपले 31 ग्रॅम म्हणजे नेमके 62 टक्के. केवळ वजनावर मी विसंबलो नसतो, कारण अनहायड्राइट आणि सोडियम सल्फेट यांचे मिश्रणही योगायोगाने त्या जवळपासचा आकडा देऊ शकते. पण अनहायड्राइट दोन दिवसांत एवढे पाणी धरत नाही. आधी थेंब नाहीत आणि नंतर भरपूर आहेत, यावरून मी ग्लॉबेराइट म्हणेन. आपल्या कारखान्याला शक्य असेल तर क्ष-किरण विवर्तनाने एकदा खात्री करून घ्यावी.

याचा उपाय हातात आहे. नळ्या तुंबल्यावर अ‍ॅसिडऐवजी साधे कोमट पाणी, 35 ते 40 अंशांचे, काही तास वेगाने फिरवा. सोडियम सल्फेट सुटले की थराची पकड जाते आणि मऊ झालेला जिप्समचा चिखल प्रवाहाबरोबर निघतो. तो तळाला साचू देऊ नका, त्याच पाळीत बाहेर काढा. कडक भाग राहिला तर रसशाळा यांनी लिहिल्याप्रमाणे धुण्याचा सोडा आणि मग निरोधकासह हायड्रोक्लोरिक. मात्र आपल्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या असतील तर हायड्रोक्लोरिक मुळीच वापरू नये, सल्फॅमिक अ‍ॅसिड घ्यावे. हे झाले तात्पुरते. मूळ कारण चुनकळीतून येणारे कॅल्शियम आहे. उदासीनीकरणानंतर, एमईईच्या आधी, धुण्याच्या सोड्याची मात्रा देऊन ते कार्बोनेटच्या रूपात खाली बसवा आणि वरचे नितळ पाणी पुढे पाठवण्यापूर्वी त्याचा सामू उतरवून घ्या, म्हणजे उरलेले कार्बोनेट नळ्यांत त्रास देणार नाही.

प्रतिसाद 14 : एमईई_ऑपरेटर

कोमट पाण्याची धुलाई काल केली. पाच तासांत नळ्या मोकळ्या झाल्या, अ‍ॅसिड लागले नाही. सोड्याची मात्रा किती द्यावी हे ठरवण्यासाठी एमईईत जाणाऱ्या पाण्यातील कॅल्शियम आता रोज मोजायला सुरुवात केली आहे. नमुना नेमका कोठून घ्यावा?

प्रतिसाद 15 : खारेपाणी

दोन ठिकाणांहून घ्या, सोडा देण्याआधीच्या टाकीतून आणि एमईईच्या फीड पंपाच्या तोंडाशी. दोन्ही नमुने घेतल्याबरोबर गरम असतानाच गाळा. थंड होईपर्यंत थांबलात तर तरंगणारे सूक्ष्म स्फटिक पुन्हा विरघळतील आणि कॅल्शियमचा आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसेल.